भरल्या घरातले साचलेपण

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये पॅन अ‍ॅम कंपनीचे बोइंग ७०७ हे जेट विमान न्यूयॉर्कहून प्रवासी घेऊन पॅरिसला निघाले आणि अटलांटिक महासागर ओलांडण्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. त्याआधीच्या पंचावन्न वर्षांत माणूस लाकूड आणि कापडाच्या सांगाड्यापासून जेट इंजिनापर्यंत पोहोचला होता. त्यानंतरच्या पासष्ट वर्षांत मात्र प्रवासी विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासच राहिला आहे. मध्यंतरी १९७६ मध्ये ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे काँकॉर्ड सेवेत आले, त्याने लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर साडेतीन तासांत कापून दाखवले, आणि २००३ मध्ये ते कायमचे जमिनीवर उतरले. आजचे विमान कमी इंधन जाळते, कमी आवाज करते, कितीतरी अधिक सुरक्षित आहे आणि त्याचे तिकीट पूर्वीच्या मानाने खूपच स्वस्त आहे, ही प्रगती लहान मानण्याचे कारण नाही. तरीही प्रवासाला लागणारा वेळ आजोबांच्या तरुणपणी होता तेवढाच आहे. विमानतळावरची तपासणी धरली तर थोडा अधिकच.

अमेरिका, पश्चिम युरोप आणि जपान या श्रीमंत समाजांबद्दल गेली काही दशके जो प्रश्न विचारला जात आहे, तो या विमानासारखाच आहे. पैसा आहे, विद्यापीठे आहेत, संशोधकांची संख्या पूर्वीच्या कितीतरी पट आहे. मग पुढे जाण्याचा वेग मंदावला का? या अवस्थेला मराठीत सरसकट ‘मंदी’ म्हटले जाते, पण तो शब्द येथे बसत नाही. मंदीत उत्पादन घटते, कामगार घरी बसतात, आणि वर्ष-दोन वर्षांत गाडी पुन्हा रुळावर येते. साचलेपण ही वेगळी गोष्ट आहे. त्यात दुकाने उघडी असतात, पगार वेळेवर होतात, काहीही मोडलेले दिसत नाही. फक्त दहा वर्षांनी मागे वळून पाहिले तर फारसे काही हललेले नसते.

यातला हिशेब साधा आहे. वाढीच्या वार्षिक दराने ७० या संख्येला भागले की उत्पन्न दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील ते कळते. दर २ टक्के असेल तर ३५ वर्षे, १ टक्का असेल तर ७० वर्षे, अर्धा टक्का असेल तर १४०. वार्षिक अर्थसंकल्पाच्या बातमीत दोन आणि एक यांतला फरक किरकोळ वाटतो, पण पहिल्या समाजात मुलगी आपल्या आईच्या दुप्पट सुबत्तेत संसार करते, तर दुसऱ्यात तो पल्ला नातीला किंवा पणतीला गाठता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांना फ्रान्समध्ये ‘तीस वैभवशाली वर्षे’ म्हणतात. त्या काळात जपानची अर्थव्यवस्था वर्षाला नऊ-दहा टक्क्यांनी वाढत होती. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास हा वेग तुटला, आणि तेल पुन्हा स्वस्त झाल्यावरही तो परत आला नाही. दोष केवळ तेलाचा नव्हता, हे त्यावरूनच दिसते.

अर्थशास्त्रज्ञ यासाठी एक माप वापरतात. उत्पादन वाढले तर त्यातून जास्त कामगार आणि जास्त यंत्रे यांमुळे झालेली वाढ वजा करायची. उरते ती नवी कल्पना, चांगली पद्धत, चांगली मांडणी यांची कमाई. हिला ‘एकूण घटक उत्पादकता’ असे बोजड नाव आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉर्डन यांनी अमेरिकेसाठी केलेल्या मोजणीनुसार ती १९२० ते १९७० या काळात वर्षाला सुमारे १.९ टक्क्यांनी वाढत होती. १९७० ते १९९४ मध्ये हा दर ०.६ टक्क्यांवर घसरला, संगणक आणि इंटरनेटच्या लाटेत १९९४ ते २००४ मध्ये १ टक्क्यापर्यंत चढला, आणि पुढच्या दहा वर्षांत ०.४ टक्क्यांवर आला. इंटरनेटने जग बदलले असे आपण सगळेच म्हणतो. आकडेवारीत त्या बदलाची धग जेमतेम दहा वर्षे टिकली.

गॉर्डन यांचे स्पष्टीकरण असे, की काही शोध एकदाच लावता येतात. नळाचे पाणी घरात एकदाच येते. वीज एकदाच येते. अमेरिकेत १९०० साली जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान ४७ वर्षे होते, १९५० मध्ये ते ६८ झाले, आणि २०१९ मध्ये सुमारे ७९. पहिल्या पन्नास वर्षांत एकवीस वर्षांची भर पडली, पुढच्या जवळजवळ सत्तर वर्षांत अकराची. यात वैद्यकशास्त्राची नालायकी नाही. बालमृत्यू टाळणे हे शुद्ध पाणी, लस आणि प्रतिजैविके यांनी साधले; ऐंशी वर्षांच्या हृदयाला आणखी पाच वर्षे देणे फार अवघड आणि फार खर्चीक असते. स्वयंपाकघराचेही तसेच. १९०० सालची अमेरिकन गृहिणी १९५० च्या स्वयंपाकघरात गोंधळून गेली असती, पण १९७० सालची गृहिणी आजच्या स्वयंपाकघरात दहा मिनिटांत रुळेल. फ्रीज, शेगडी, ओव्हन, नळ सगळे ओळखीचे. मायक्रोवेव्हचे बटण कुठे आहे, एवढेच विचारावे लागेल.

हाताशी आलेली फळे तोडून झाली की उंच फांदीसाठी शिडी लागते, आणि शिडी दरवर्षी लांब करावी लागते. संगणकाच्या चिपवरील ट्रान्झिस्टरांची संख्या साधारण दोन वर्षांनी दुप्पट होते, हे गॉर्डन मूर यांच्या नावाने ओळखले जाणारे निरीक्षण पुष्कळांना ठाऊक आहे. तो वेग टिकवण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जितके संशोधक पुरत होते, त्याच्या अठरा पटींहून अधिक संशोधक आता लागतात, असे चार अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवून दिले. औषधांच्या क्षेत्रातील चित्र आणखी निराशाजनक आहे. महागाई वजा करून पाहिले तर संशोधनावर खर्च होणाऱ्या प्रत्येक अब्ज डॉलरमागे मंजूर होणाऱ्या नव्या औषधांची संख्या १९५० पासून पुढची साठ वर्षे दर नऊ वर्षांनी निम्मी होत गेली. ज्ञान वाढते तशी त्याच्या सीमेपर्यंत पोहोचण्याची वाटही लांबते, हे त्यामागचे एक कारण आहे. नव्या पिढीच्या संशोधकाला काही नवे करण्याआधी जुने शिकण्यातच तिशी गाठावी लागते.

येथे एक शंका रास्त आहे. एखादा मोठा शोध लागलेला असेल आणि त्याचे फळ अजून मोजमापात उतरले नसेल, तर? १९८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी चिमटा काढला होता की संगणकाचे युग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्यावर आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेचा इतिहास पुढे ठेवला. तो जवळून पाहण्यासारखा आहे.

एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले ते सप्टेंबर १८८२ मध्ये. त्या काळचा कारखाना एकाच वाफेच्या इंजिनावर चाले. इंजिन एक लांबलचक लोखंडी दांडा फिरवी, तो छताखालून कारखानाभर गेलेला असे, आणि त्यावरून खाली उतरणाऱ्या चामडी पट्ट्यांवर प्रत्येक यंत्र फिरे. ज्या यंत्राला जास्त ताकद हवी ते दांड्याजवळ बसवावे लागे. दांडा फार लांब नेता येत नसल्यामुळे इमारत मजल्यांवर मजले चढवून बांधावी लागे. एक यंत्र चालवायचे असले तरी सगळा दांडा फिरत राही. वीज आली तेव्हा बहुतेक मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी मोठी विजेची मोटर बसवली, आणि बाकी सगळे होते तसेच ठेवले. कोळशाची थोडी बचत झाली, उत्पादकता फारशी हलली नाही. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली, दांडा गेला, पट्टे गेले, छताला खिडक्या पाडता आल्या, कारखाना एकमजली आणि ऐसपैस झाला, आणि यंत्रे दांड्याच्या सोयीने नव्हे तर कामाच्या क्रमाने मांडता आली. उत्पादकतेची मोठी उडी आकड्यांत दिसली ती १९२० च्या दशकात, म्हणजे वीजकेंद्रानंतर चाळीस वर्षांनी. शोधाला तेवढा वेळ लागला नव्हता, जुनी इमारत सोडण्याला लागला.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज जी आशा व्यक्त होते, तिचा सगळा भरवसा या उदाहरणावर आहे. ती आशा खोटी म्हणता येत नाही. पण जुन्या कचेरीतल्या जुन्याच फायलींचा मसुदा यंत्राकडून लिहून घेणे म्हणजे दांडा तोच ठेवून मोटर बदलणे आहे, एवढे लक्षात ठेवावे.

काही मंदावणे मात्र अपरिहार्य आहे, आणि त्यात रडण्यासारखे काही नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीताच्या खर्चाचा अभ्यास करताना एक निरीक्षण मांडले. चार तंतुवाद्यांसाठी दोनशे वर्षांपूर्वी रचलेली संगीतरचना वाजवायला तेव्हा जितकी माणसे आणि जितकी मिनिटे लागत, तितकीच आजही लागतात. कारखान्यातील कामगार मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी पट माल काढतो, आणि त्याचा पगार त्याप्रमाणे वाढतो. वादकांचाही पगार वाढवावाच लागतो, नाहीतर ते वादन सोडून कारखान्यात जातील. त्यामुळे कारखान्यातली वस्तू स्वस्त होत जाते आणि मैफल महाग. शिक्षकाने वर्गात दिलेले लक्ष, परिचारिकेने रुग्णाच्या अंगाला लावलेला हात, वृद्धाची सोबत या सगळ्यांचे गणित मैफलीसारखे आहे. समाज श्रीमंत झाला की त्याच्या घरी वस्तू पुरेशा होतात आणि तो नेमक्या याच गोष्टींवर जास्त खर्च करू लागतो. म्हणजे अर्थव्यवस्थेचा वाढता हिस्सा अशा कामांत जातो, जिथे वेग वाढवणे शक्य नसते आणि पुष्कळदा इष्टही नसते. अर्थशास्त्रज्ञ डीट्रिख व्होलराथ यांच्या मते अमेरिकेच्या मंदावलेल्या वाढीचा मोठा भाग हा सेवांकडे वळण आणि कमी होत गेलेली मुले या दोन गोष्टींतून आला आहे, आणि दोन्ही यशाचीच फळे आहेत. ब्रिटिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने तर १८४८ मध्येच लिहून ठेवले होते की वाढ थांबलेला समाज ही काही भिण्यासारखी अवस्था नाही.

मुले कमी होण्याची बाजू जरा सावकाश पाहिली पाहिजे, कारण तिचे परिणाम लगेच दिसत नाहीत. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी दर स्त्रीमागे सुमारे २.१ मुले लागतात. २०२३ मध्ये जपानचा दर १.२० होता आणि दक्षिण कोरियाचा ०.७२. वयस्क होत चाललेला समाज निवृत्तीसाठी जास्त बचत करतो, आणि नवी घरे, नव्या शाळा, नवे कारखाने यांची गरज घटल्यामुळे त्या बचतीला गुंतवणुकीची वाट कमी सापडते. व्याजाचे दर त्यामुळे खाली खाली येत जातात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अल्विन हॅन्सन यांनी १९३८ मध्ये हीच भीती घालून तिला ‘दीर्घकालीन साचलेपण’ असे नाव दिले होते. लगेच युद्ध झाले, मग अमेरिकेत मुलांचा पूर आला, आणि बिचारे हॅन्सन चुकीचे ठरले. अर्थशास्त्रज्ञ लॅरी समर्स यांनी २०१३ मध्ये ती संकल्पना पुन्हा बाहेर काढली तेव्हा जपानचे उदाहरण समोर होते. तेथील निक्केई हा शेअर निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९०० च्या वर होता, तो आकडा पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. व्याजदर १९९९ मध्ये शून्यावर आणि २०१६ मध्ये शून्याच्याही खाली नेऊन पाहिला. तरीही जपानला थकलेला समाज म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल, कारण काम करण्याच्या वयातील माणसामागे उत्पादन किती वाढले हे मोजले तर जपान इतर श्रीमंत देशांच्या फारसा मागे नाही. माणसेच कमी झाली, उरलेल्यांनी कसूर केली नाही.

इथवर सांगितलेली कारणे ऐकून खांदे उडवता येतात. सोपी फळे संपली, सेवा महागल्या, मुले कमी झाली; कोणाला दोष देणार? पण साचलेपणाचा एक भाग निसर्गनियमाने आलेला नाही, समाजाने तो स्वतःच्या हातांनी रचला आहे, आणि मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो.

न्यूयॉर्कमधील पहिल्या भुयारी रेल्वेचे खोदकाम मार्च १९०० मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर १९०४ मध्ये गाडी धावली. साडेचार वर्षांत सुमारे पंधरा किलोमीटर मार्ग आणि २८ स्थानके झाली, तीही वाफेची यंत्रे आणि कुदळ-फावड्यांच्या बळावर. त्याच शहरातील सेकंड अ‍ॅव्हेन्यूखालचा मार्ग १९२९ च्या आराखड्यात होता. १९७२ मध्ये त्याचे खोदकाम सुरू झाले, १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आल्यामुळे ते थांबले, २००७ मध्ये ते पुन्हा हाती घेतले, आणि १ जानेवारी २०१७ रोजी सुमारे तीन किलोमीटरचा पहिला टप्पा प्रवाशांसाठी उघडला. त्यात नवी स्थानके तीन. खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर.

पूर्वजांचे गोडवे गाण्यापूर्वी पहिल्या मार्गाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये फोर्ट जॉर्ज येथील बोगद्याचे छत कोसळून दहा जण दगावले, आणि काम पुढे चालू राहिले. नियम उगाच आलेले नाहीत. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस साचलेल्या विषारी धुक्याने किमान चार हजार बळी घेतले, म्हणून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६९ मध्ये अमेरिकेतील कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला, आणि १९७० च्या पहिल्याच दिवशी तेथील राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली. यातला प्रत्येक कायदा आवश्यक होता. अडचण अशी, की हवा आणि नदी वाचवण्यासाठी दिलेला हरकतीचा हक्क पुढे वाहनतळ वाचवण्यासाठीही वापरता येतो, आणि अहवाल शेकडो पानांचा झाला की तो नदीच्या भल्याचा आहे की वकिलांच्या, हे सांगता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९८२ मध्ये याची मांडणी केली. एखाद्या बदलाने लाखो लोकांचा थोडा थोडा फायदा होणार असेल आणि शंभर लोकांचे मोठे नुकसान, तर ते शंभर जण एकत्र येतात, वकील लावतात, सभेला हजर राहतात. लाखो लोक आपापल्या कामाला जातात. समाज जितका काळ शांत आणि स्थिर राहील तितके असे गट साठत जातात, आणि प्रत्येकाच्या हाती एक नकाराधिकार येतो. युद्धात बेचिराख झालेले जर्मनी आणि जपान झपाट्याने वाढले आणि विजयी ब्रिटन रेंगाळला, याचे एक कारण ओल्सन यांना यात दिसले. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीची कथा याच वळणाची आहे. तिला २००९ मध्ये सरकारी होकार मिळाला, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, २०१५ मध्ये आयोगाने पुन्हा शिफारस केली, २०१८ मध्ये संसदेने मान्यता दिली, २०२० च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एवढे होऊनही धावपट्टी काही झाली नाही. धावपट्टी व्हावी की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण ‘हो’ आणि ‘नाही’ यांपैकी काहीही पक्के न ठरता दीड दशक जाते, याचे समर्थन दोन्ही बाजूंना करता येणार नाही.

घरांच्या बाबतीत हे सर्वांत जाचक होते. ज्याच्याकडे घर आहे त्याला शेजारी नवी इमारत नको असते, आणि त्यात दुष्टावा नसतो. आयुष्यभराची पुंजी त्या घरात अडकलेली असते. परिणाम मात्र असा होतो की लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या, सर्वांत जास्त पगार देणाऱ्या शहरांत नव्या माणसाला शिरता येत नाही. १९५० च्या दशकात दरवर्षी पाचपैकी एक अमेरिकन घर बदलत असे. २०२१ मध्ये हे प्रमाण ८.४ टक्क्यांवर आले होते. लोकांनी जागा सोडली नाही, याचे कारण ते सगळे समाधानी होते असे नव्हे.

संस्कृतीचा प्रश्न येथेच येऊन मिळतो. सांस्कृतिक साचलेपणाबद्दल बोलताना सावध राहावे लागते, कारण ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य प्रत्येक पिढीने म्हटलेले आहे आणि काळाच्या चाळणीत वाईट गाणी गळून गेल्यामुळे जुना काळ नेहमीच सुरेल वाटतो. तरीही काही गोष्टी मोजता येतात. २०१९ मध्ये जगभरात सर्वाधिक कमाई केलेल्या दहा चित्रपटांत एकही पूर्णपणे नव्या कथेचा नव्हता. प्रत्येक जण कशाचा तरी पुढचा भाग, पुनर्निर्मिती किंवा आधीच गाजलेल्या पात्रावर बेतलेला होता. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी ७० टक्क्यांहून अधिक संगीत आज दीड वर्षापेक्षा जुने असते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बीटल्सचे ‘नवे’ गाणे होते. ते जॉन लेननने १९७० च्या दशकात घरी कॅसेटवर मुद्रित केलेले होते, आणि त्याचा आवाज संगणकाने पियानोपासून वेगळा काढला होता. त्या वर्षी विशीत असलेल्या गायकाची स्पर्धा समकालीनांशी नव्हती, तर ध्वनिमुद्रणाच्या साऱ्या इतिहासाशी होती, आणि तो इतिहास एका बोटाच्या अंतरावर, जवळजवळ फुकट उपलब्ध होता. पूर्वी जुनी तबकडी दुकानात मिळत नसे. तिच्या दुर्मीळपणामुळे नव्याला जागा मिळे.

यामागे पैशाचे गणित आहे. वीस कोटी डॉलर गुंतवणारा निर्माता अनोळखी कथेवर डाव लावत नाही, आणि त्याच्या जागी आपणही लावला नसता. पण जागेचे गणित त्याहून महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. दिवाळखोरीच्या काठावर असलेल्या १९७० च्या दशकातील न्यूयॉर्कमध्ये भाडी नगण्य होती, आणि हिप-हॉपचा जन्म त्याच शहरात झाला; ब्राँक्समधील ज्या घरगुती समारंभापासून त्याची सुरुवात मानतात, तो ११ ऑगस्ट १९७३ चा. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडच्या मालक नसलेल्या रिकाम्या इमारतींत तरुण शिरले. १९९१ मध्ये जुन्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत, गंजलेल्या सेफ्टी लॉकरांच्या रांगांमध्ये, ‘ट्रेझोर’ नावाचा क्लब सुरू झाला आणि टेक्नो संगीत तेथून युरोपभर पसरले. २००५ मध्ये ती जागा कार्यालयांसाठी विकली गेल्यामुळे तो बंद पडला, आणि २००७ मध्ये एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात पुन्हा उघडला. हे उदाहरण सगळ्या जगाला लागू होते असे नाही. दक्षिण कोरिया श्रीमंत आहे, महाग आहे, दर स्त्रीमागे जगात सर्वांत कमी मुले जन्मणाऱ्या देशांपैकी आहे, आणि तरीही त्याचे चित्रपट आणि गाणी सर्वत्र पोहोचली. पण नव्या कलेला फसण्याची मुभा लागते, आणि महिन्याचे भाडे ती मुभा किती काळ देते, हा प्रश्न उरतोच.

बांधकामात आणि कलेत, दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. गमावण्यासारखे काही नसते तेव्हा प्रयोग स्वस्त असतो. गमावण्यासारखे पुष्कळ झाले की प्रत्येक नव्या गोष्टीला आधी आपण निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि जुन्या गोष्टीला मात्र काहीच सिद्ध करावे लागत नाही.

साचलेपण सुसह्य आहे का, हा प्रश्न कोणाला विचारता यावर उत्तर ठरते. घर, निवृत्तिवेतन आणि बचत असलेल्याला ते शांततेसारखे वाटते. इटलीत २०१९ मध्ये दरडोई खरे उत्पन्न २००० सालच्या पातळीच्या आसपासच होते, म्हणजे वीस वर्षांत एक संपूर्ण पिढी नोकरीला लागली आणि तिला वाढीचा अनुभवच आला नाही. ब्रिटनमध्ये २००८ नंतर सुमारे पंधरा वर्षे महागाई वजा जाता सरासरी पगार जवळजवळ जागचे हलले नाहीत. एकूण भाकरी वाढत असते तेव्हा एकाला जास्त मिळाले तरी दुसऱ्याचे कमी होत नाही. ती वाढायची थांबली की परदेशातून आलेला मजूर, वृद्धांवरचा खर्च, शेजारच्या प्रांताला दिलेले अनुदान या प्रत्येकात आपले काही हिरावले गेल्याचे दिसू लागते. मिलच्या शांत, स्थिर समाजात माणसे वाटणीबद्दल समंजस असतील असे गृहीत धरलेले होते. तेवढी एक अट प्रत्यक्षात पाळली गेलेली नाही.

नकाराची यंत्रणा सैल करता येते की नाही, याचे एक उत्तर न्यूझीलंडमधून आले आहे. ऑकलंड शहराने २०१६ मध्ये नवा विकास आराखडा लागू केला आणि निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला परवानगी दिली. कोणतेही नवे तंत्र आले नव्हते. सुतार, गवंडी, सिमेंट तेच होते. पाच वर्षांत नव्या घरांच्या वार्षिक परवानग्या साधारण दुप्पट झाल्या आणि जुन्या एकमजली घरांच्या जागी एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. आराखड्यावरच्या सुनावण्यांत बंगल्यांचे मालक आले होते, आपल्या रस्त्याचे जुने रूप टिकावे असे त्यांनी सांगितले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या ओळींमध्ये आज जे राहतात त्यांच्यापैकी बहुतेकांना अशी काही सुनावणी चालू आहे हेही माहीत नव्हते. काही जण तर तेव्हा शाळेत होते.